पुकारले, गैरहजर

"माझं नाव कवा घेनार हाईस रं बाबा?"

माझ्या खिडकीच्या काचेला खालच्या बाजूनं अर्धा गोल कापलेला होता, आवाज तिथून आला. म्हातारीचा आवाज. त्यात भांडण नव्हतं, नुसती चौकशी होती, आणि भांडणाऱ्याला वाटेला लावता येतं तसं चौकशी करणाऱ्याला लावता येत नाही. दुपार कलली होती. हॉलमधली बाकडी रिकामी होत आल्याचं पंख्यांच्या घुमण्यावरून कळत होतं. मी नाव विचारलं.

"द्वारकाबाई गवसाने. वैरागच्या फुडं गाव हाय. पैल्या एस्टीनं आलीया."

मी यादी वरपासून खालपर्यंत ऐकली. उरलीसुरली नावं होती, त्यात द्वारकाबाई नव्हत्या. शेजारी काचेपलीकडे नोंदणीच्या काउंटरवर सुवर्णाताई बारबोले बसायच्या, त्यांना विचारलं. आधी बांगड्या वाजल्या, मग कळा वाजल्या, मग त्या म्हणाल्या, "पुकारले, गैरहजर. सकाळचंच आहे."

"मी हे नाव घेतलेलं नाही."

"इथं तसं लागलंय, नागनाथभाऊ."

आजी बाहेर गेल्या असतील, चहाला, पाण्याला, असं सुवर्णाताई म्हणाल्या. पण आजी म्हणाल्या, कुठं जाऊ, दिसतंय कुठं मला. सकाळी भिंतीला पाठ लावून बसल्या त्या उठल्याच नव्हत्या, भाकरीसुद्धा तिथंच खाल्ली. एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्यावर मोतीबिंदू पिकला होता. परवा चुलीपाशी पदरानं पेट घेतला, तो त्यांना वासावरून कळला.

सुवर्णाताईंनी त्यांना पुढच्या बुधवारी यायला सांगितलं आणि नियमही सांगितला. दोनदा गैरहजर लागलं की मोफत ऑपरेशनच्या यादीतून नाव निघतं, मग पुढचं शिबिर दिवाळीनंतर. आजींनी ते ऐकून घेतलं आणि खिडकीशी तोंड आणून मला म्हणाल्या, "मोठ्यानं घे बरं का नाव." मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसणार नाही. हॉलमधून अनवाणी पावलं भिंतीभिंतीनं दाराकडं गेली.

बार्शीत ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं आणि तिथं पेशंटची नावं पुकारायचं काम माझ्याकडं होतं. मी जन्माचा आंधळा. डोळे दाखवायला यावं आणि नाव पुकारायला आंधळा बसलेला असावा, याची लोकांना फार मजा वाटे. "ह्यांचंच बरं केलं न्हाई, आपलं काय करत्यात" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की बोलणारा त्यातल्या कुठल्या शब्दावर हसणार हेही मला ठाऊक झालं होतं. त्याआधी मी सोलापूरला अंधांच्या कार्यशाळेत वेतानं खुर्च्या विणायचो. बोटांची सालं निघायची. इथं पंख्याखाली बसून माइकवर बोलायचं, लोक 'साहेब' म्हणायचे. नोकरी अशी जिवापाड आवडत असली की ती जाईल अशी भीती सदा उशाशी असते.

काम सोपं होतं. सुवर्णाताई काउंटरवर नाव घालत, ते माझ्या संगणकावरच्या यादीत येई. पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम होता, बाईच्या आवाजात, जराशा हिंदी वळणाचा. मी तिला कानातली बाई म्हणायचो. बाण खाली दाबला की ती नाव सांगे. मी माइकवर म्हणे. मग एंटर मारला की ते नाव यादीतून निघून आत डॉक्टर ठोंबरेबाईंच्या पडद्यावर जाई. नाव आलं आणि माणूस आला नाही की त्या थोडा वेळ बघून 'गैरहजर' लावत आणि पुढचं घेत. शंभर पेशंटमागं एक डॉक्टर, त्यांचंही काही चुकत नव्हतं.

माझी एक सवय होती. नाव घेतल्यावर मी लगेच एंटर मारत नसे. माझ्या आधी जो पुकारायचा तो डोळस होता, कोण उठलं ते त्याला दिसे. मला नाही दिसत, म्हणून मी ऐकायचो. बाकडं कुरकुरलं, चपला घासल्या, कुणी "आलो, आलो" म्हणालं, की मग कळ दाबायची. म्हाताऱ्या माणसांना उठायला वेळ लागतो. आधी गुडघे धरायचे, मग पिशवी शोधायची, मग नातवाला हाक मारायची. मी थांबायचो. घाई कुणाला होती? मला तर नव्हती.

द्वारकाबाई यायच्या काही आठवडे आधी ट्रस्टींनी चांगला नियम केला. पंचाहत्तरीपुढच्यांना रांगेत ताटकळत ठेवायचं नाही, त्यांचं नाव यादीत सगळ्यात वर घालायचं. सगळ्यांना बरं वाटलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हा गोंधळ सुरू झाला.

द्वारकाबाई एकट्या नव्हत्या. आठवड्यात कुणी ना कुणी म्हातारं माणूस खिडकीशी येई, म्हणे नाव घेतलं नाही, आणि संगणक म्हणे घेतलं. पहिल्यांदा सगळ्यांनी तेच धरलं जे कुणीही धरेल. म्हातारी माणसं, ऐकू गेलं नसेल, डुलकी लागली असेल. हॉलमधल्या लोकांना विचारून उपयोग नव्हता. आपलं नाव कधी येतंय याकडं कान लावून बसलेला माणूस दुसऱ्याचं नाव कशाला ऐकतोय?

मी मात्र हादरलो होतो, कारण मला माझी नावं आठवतात. दिवसभरात घेतलेली नावं संध्याकाळी मी खोलीवर ओळीनं म्हणून दाखवीन. त्यात ही नावं नसायची. एक एवढंच होतं की कधीकधी कळ बसायची नाही. एंटर मारला तरी कानातली बाई तेच नाव पुन्हा सांगायची, मग मी पुन्हा मारायचो. हे मी आमचे व्यवस्थापक हिरेमठसाहेब यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी तत्परतेनं नवा कीबोर्ड आणला. नव्या कीबोर्डवरही कधीकधी कळ बसेना.

मग एकदा एका ट्रस्टींच्या मावशी गैरहजर लागल्या. त्या पुढच्याच बाकावर बसलेल्या होत्या, त्यांना कानांनी उत्तम ऐकू येत होतं, आणि तोंडही उत्तम होतं. दुसऱ्या दिवशी हिरेमठसाहेबांनी मला आत बोलावलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. बराच वेळ ते टेबलावरचे कागद इकडून तिकडं करत राहिले. मग म्हणाले, लोक असं म्हणतात, मी म्हणत नाही, पण लोक म्हणतात, की म्हाताऱ्यांना उठायला वेळ लागतो म्हणून उंबरजे, म्हणजे मी, त्यांचं नावच घेत नाहीत. नुसती कळ दाबतात आणि पुढं जातात.

मी चोर आहे असं म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं. "साहेब, मी तर त्यांच्यासाठी थांबतो," एवढंच मी म्हणालो, आणि माझं मलाच ते खोटं बोलल्यासारखं ऐकू आलं.

साहेबांनी मग परीक्षा घेतली. हॉस्पिटल बंद झाल्यावर माझ्या पाठीशी उभे राहिले, मी एकेक नाव सांगत गेलो, ते पडद्यावर ताडून पाहत गेले. एकही चूक नाही. आधी त्यांचा संशय कानातल्या बाईच्या उच्चारांवर होता, तोही फिटला. "म्हणजे मशीन ठीक आहे," ते म्हणाले. त्याचा दुसरा अर्थ काय होतो हे दोघांनाही कळलं. दाराशी गेल्यावर ते म्हणाले, "शनिवारी ट्रस्टींची मीटिंग आहे. विषय निघणार. तुम्ही खुर्च्या फार छान विणता म्हणे?"

त्या दिवसांत मला काही सुधरेना. नाव घेताना मी माझाच आवाज ऐकू लागलो. आत्ता म्हणालो ना? की नुसतं मनात म्हणालो? रात्री अंथरुणावर नावांची उजळणी करताना वाटायचं, ज्या नावांना आपण विसरतो ती आपल्याला आठवणार तरी कशी? वेड लागायची वेळ आली की माणूस दुसऱ्या कुणावर तरी आळ घेतो. मी सुवर्णाताईंवर घेतला. पुकारायच्या जागेसाठी त्यांनीही पूर्वी अर्ज केला होता, हे मला शिपायानं सांगितलं होतं. नावं त्या घालतात, यादी त्यांच्या हातात. आंधळ्याच्या ताटातलं उचलायला कितीसा वेळ लागतो? असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि त्यांच्याशी बोलणं तोडलं. त्यांना ते कळलं. त्यांच्या बांगड्याही जरा कमी वाजू लागल्या.

आणि बुधवारी सकाळी साहेबांनी त्यांनाच माझ्या शेजारी आणून बसवलं. माझ्यावर पाळत ठेवायला, दुसरं काय? काउंटर त्या दिवशी साहेब स्वतः सांभाळणार होते.

"काय लिहायला सांगितलंय?" मी विचारलं.

"तुम्ही कुणाचं नाव घेता, आणि पट्टी कुणावर आहे."

"कसली पट्टी?"

"निळी. जे नाव निवडलेलं असतं त्यावर निळी पट्टी असते ना." मग त्यांना एकदम काहीतरी वाटलं असावं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभर मी त्या यादीवर पोट भरत होतो आणि तिथं काही निळं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी माइक चालू केला.

हॉल गच्च भरला होता. बुधवार मोफत तपासणीचा, गावोगावची माणसं आलेली. मी नाव घ्यायचो, थांबायचो, चपला ऐकायचो, कळ दाबायचो. शेजारी पेन चालायचं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि त्यानं माझा जीव जास्तच खाली-वर होत होता, कारण सगळं सुरळीत चाललं तर दोष माझाच ठरणार होता.

"सोपान ढेंगळे," मी म्हणालो.

पार लांबून, मोरीच्या बाजूनं, कुणीतरी ओरडलं, "येतोय, येतोय." मी एंटरवर बोट ठेवून थांबलो. चपला हॉलच्या टोकाला फटफटू लागल्या. बोट दाबणार तोच शेजारी बांगड्या खळकन वाजल्या आणि माझं मनगट धरलं गेलं.

"दाबू नका."

"का?"

"तुम्ही सोपान म्हणालात."

"मग सोपानच आहे."

"नाही. द्वारकाबाई गवसाने आहे."

हेच नाव. मी बाईला पुन्हा बोलायला लावणारी कळ दाबली. सोपान ढेंगळे, ती म्हणाली, अगदी स्पष्ट.

"सुवर्णाताई, थट्टा करायची ही वेळ आहे का?"

"मी कशाला थट्टा करू? पट्टी द्वारकाबाईंवर आहे. मला डोळ्यांनी दिसतंय."

"आणि मला कानांनी ऐकू येतंय. मी आंधळा आहे, बहिरा नाही."

त्या चिडल्या. म्हणाल्या, मी काय खोटं सांगतेय का, तुम्ही किती दिवस माझ्यावर राग धरून आहात ते मला माहीत आहे, पण मला तुमची जागा नको, मला घरी जायला साडेपाचची गाडी मिळाली की पुरे. मी हेडफोन काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "घाला. तुम्हीच ऐका."

त्यांनी घातला. मी कळ दाबली. "परत," त्या म्हणाल्या. मी परत दाबली.

"सोपान," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "पण पट्टी द्वारकाबाईंवर आहे. मला दिसतंय एक आणि ऐकू येतंय दुसरंच."

इतके दिवस जो गोंधळ माझ्या एकट्याच्या डोक्यात होता तो त्या क्षणी त्यांच्या डोक्यात शिरला, आणि खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी राहिलं. कुणीतरी सोबतीला आलं होतं.

स्टूल सरकलं. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या असाव्यात, कारण बोलणं आता काचेवर आपटून येत होतं. "थांबा. सोपानच्या नावाभोवती बारीक ठिपके आहेत. ठिपक्यांची चौकट आहे. दिसेल न दिसेल अशी."

"ती नेहमी असते?"

"असणार. पण पट्टीवरच असते, म्हणून कोण बघतंय तिच्याकडं. आज चौकट खाली आहे आणि पट्टी वर."

"पट्टी वर गेली कशी?"

"गेली नाही. पट्टी पहिल्या ओळीवर होती, तिथंच आहे. आधी पहिल्या ओळीत सोपान होता. आता द्वारकाबाई आल्यात."

"कुठून आल्या?"

त्याच वेळी काचेपलीकडून हिरेमठसाहेबांचा आवाज आला, गोड, मोठ्या मनाचा. "आजी, तुमचं नाव सगळ्यात वर घातलंय बरं का. आता लगेच पुकारतील."

आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मी नाव घेऊन थांबलेला असायचो, तेवढ्यात काउंटरवरून कुणी म्हातारं माणूस वर यायचं. बाई ज्या चौकटीचं नाव सांगायची ती सोपानबरोबर खाली सरकायची, पट्टी मात्र पहिल्या ओळीला चिकटून. एंटर ऐकायचा पट्टीचं. मी बोलवायचो सोपानला आणि आत जायचं त्या म्हाताऱ्या माणसाचं नाव, ज्याला कुणी हाकच मारलेली नाही. मग बाई मला पुन्हा सोपान सांगायची, आणि मला वाटायचं कळ बसली नाही.

म्हणजे कळ दर वेळी बसली होती. एकेका म्हाताऱ्या माणसावर बसली होती, आणि मी ज्या सवयीचा अभिमान धरून बसलो होतो त्या थांबण्यातच ती फट पडली होती. परीक्षेच्या संध्याकाळी वर कुणी नाव घालतच नव्हतं, तर चूक दिसणार कुठून?

"आलो की साहेब. जाऊ का आत?" सोपान खिडकीशी धापा टाकत होता. मी त्याला थांबायला सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. साहेब काय झालं म्हणून आले. सुवर्णाताईंनी त्यांना हेडफोन घालायला लावला, पडद्याकडं बघायला लावलं, मी कळ दाबत राहिलो. साहेबांनी हेडफोन काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांनाही तीन वेळा ऐकावं लागलं.

"म्हणजे एंटर बसत नाही म्हणत होता तो..."

"तुम्ही ज्यांना वर घालत होता त्यांच्यावर बसत होता, साहेब," सुवर्णाताई म्हणाल्या.

मी एकदा बाण वर दाबला. बाई म्हणाली, द्वारकाबाई गवसाने. शेजारून सुवर्णाताई म्हणाल्या, "पट्टी द्वारकाबाई. चौकट द्वारकाबाई." मी माइक तोंडाशी ओढला आणि नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. सोपानचं नाव त्यांच्या खालीच होतं, त्याला काही होत नव्हतं.

भिंतीच्या बाजूनं पिशवीची खसफस झाली. गुडघ्यांवर हात टेकून कुणीतरी "आई गं" म्हणालं. मग अनवाणी पावलं. सगळ्या हॉलमध्ये मला तेवढाच आवाज येत होता. ती पावलं माझ्या खिडकीवरून पुढं डॉक्टरांच्या दाराशी गेली, दार वाजलं, आणि मग मी कळ दाबली.

दुपारी साहेबांनी प्रोग्रॅम बनवणाऱ्याला पुण्याला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा ठेवला. मुलगा हुशार होता, लगेच समजला. म्हणाला, यादीत दोन गोष्टी असतात. एक सिलेक्शन, म्हणजे काम कुणावर होणार. एक फोकस, म्हणजे कीबोर्ड कुठं उभा आहे. बहुतेक वेळा दोन्ही एकाच ओळीवर असतात, म्हणून लोकांना ते एकच वाटतं. वरून नाव घातलं की फोकस नावाबरोबर सरकायचा आणि सिलेक्शन ओळीच्या क्रमांकावर राहायचं. त्यांच्याकडून ते जुळवायचं राहून गेलं होतं.

"पण एवढ्या दिवसांत कुणाची तक्रार आली नाही हो," तो म्हणाला. "नाव घेतलं की लोक लगेच एंटर मारतात. मध्ये इतका वेळ कुणी थांबेल असं आमच्या डोक्यातच आलं नाही."

"माणसाला उठायला तेवढा वेळ लागतो," मी म्हणालो.

दुरुस्त करून पाठवायला त्याला महिना तरी लागणार होता. तोवर मी आधी एंटर मारावा आणि मग नाव घ्यावं, असं साहेबांनी सुचवलं. मी नाही म्हणालो. तसं केलं तर माणूस गुडघे धरतोय तोवर डॉक्टर गैरहजर लावणार. तोडगा सुवर्णाताईंनी काढला. वर नाव घालायचं असलं की त्या बांगडीनं मधल्या काचेवर दोनदा टकटक करतील. मी कुणासाठी थांबलेला असेन तर गप्प राहायचं. एंटर मारून झाला की मी काचेवर एक टिचकी मारायची. मग त्या नाव घालतील. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. मलाही वाटत होतं की तुम्ही नुसत्या कळा दाबता."

शनिवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी काय सांगितलं मला माहीत नाही. खुर्च्यांचा विषय पुन्हा निघाला नाही एवढं खरं. गैरहजर लागलेल्या म्हाताऱ्यांची नावं सुवर्णाताईंनी शोधून काढली, कुणाला फोन केले, कुणाला गावाकडच्या माणसाबरोबर निरोप धाडले. बरेच आले. सगळे आले नाहीत, आणि ती न आलेली नावं मला अजून ओळीनं म्हणता येतात.

द्वारकाबाईंचं ऑपरेशन झालं. नंतरच्या तपासणीला त्या पुन्हा बुधवारीच आल्या, साहेबांनी त्यांचं नाव पुढं घालायला सांगितलं होतं. बाईनं नाव सांगितलं, मी घेतलं, आणि थांबलो.

काही वाजलं नाही. बाकडं नाही, पिशवी नाही, पावलं नाहीत. मी पुन्हा नाव घेतलं. काचेवर टकटक झाली. सुवर्णाताईंकडं कुणी म्हातारं माणूस आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. हॉलमधून कुणीतरी म्हणालं, पुढचं घ्या की, गेली असंल ती. पुन्हा टकटक. माझ्या मनात तीच जुनी पाल चुकचुकली. मी नाव घेतलं ना? आवाज बाहेर गेला ना? माइकवर बोट आपटून पाहिलं, माइक चालू होता. तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि एंटरवरचं बोट उचलून मांडीवर ठेवलं.

"हितंच हाय की मी," खिडकीच्या अर्ध्या गोलातून आवाज आला. अगदी वीतभर अंतरावरून.

"आजी, मग ओ का देत नाही?"

"बघत हुते तुला. आवाजावरनं म्हातारा वाटला हुतास, तू तर पोरगाच हाईस."

"कधीपासून उभ्या आहात इथं?"

"तू पैल्यांदा नाव घेतलंस तवापास्नं," त्या म्हणाल्या. "म्हटलं बघू तरी, किती येळ वाट बघतोय त्ये."

त्यांची पावलं डॉक्टरांच्या दाराकडं गेली, या वेळी भिंत न धरता, हॉलच्या मधून. दार वाजल्यावर मी एंटर दाबला आणि काचेवर एक टिचकी मारली.